बंदरावरचे प्लास्टिक आणि जाळ्याचा आस : मच्छीमार संस्थेसाठी वर्षभराची कार्यपद्धती

मे महिना सरत आला की कोकणातल्या बंदरांवर नौका वर ओढण्याची आणि शाकारण्याची घाई सुरू होते. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नेमक्या याच दिवसांत वर्षभराचा पसारा बंदरावर उघडा पडतो : फाटकी जाळी, तुटके दोर, फुटलेले बोये, बर्फाच्या आणि शिध्याच्या पिशव्या, थर्माकोलचे तुकडे, आणि अलीकडे या ढिगात हमखास सापडणाऱ्या, हिरव्या अक्षरांत ‘बायोडिग्रेडेबल’ असा छाप असलेल्या पिशव्या. मच्छीमार सहकारी संस्थेच्या सचिवाने, तांडेलांनी (नौकाप्रमुखांनी) आणि मासळी बाजाराची व्यवस्था पाहणाऱ्यांनी या ढिगाचे काय करावे, आणि त्याच काळात मासेमारीच्या नियमांची तयारी कशी करावी, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

ही दोन कामे वेगळी मानण्याची आपल्याला सवय आहे. कचरा ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा, आणि जाळ्याचा आस (विणीतल्या एका छिद्राचा आकार), परवाना, मासळीचा आकार हे मत्स्यव्यवसाय विभागाचे, अशी वाटणी कागदावर आहे. समुद्राला ही वाटणी ठाऊक नाही. बारीक आसाचे जाळे आज लहान मासळी मारते, आणि तेच जाळे खडकात अडकून तुटले की पुढची कित्येक वर्षे कोणाच्याही ताटात न पडणारी मासळी मारत राहते. म्हणून माझा आग्रह असा आहे की संस्थेने दोन मोहिमा चालवू नयेत. एकच नोंदवही ठेवावी आणि तिच्यात नौकेवर काय चढले आणि नौकेवरून काय उतरले, एवढेच लिहावे. जाळ्यांची मोजदाद, आसाची तपासणी आणि प्लास्टिकचा हिशेब ही तिन्ही कामे त्या एका वहीत बसतात. वही कशी आखायची ते पुढे येईल. त्याआधी ढीग समजून घ्यायला हवा.

पिशवीवरचा शब्द आधी तपासावा

बाजारात तीन शब्द एकाच अर्थाने फिरतात आणि तिथेच फसगत होते. ‘कंपोस्टेबल’ प्लास्टिक म्हणजे नियंत्रित कंपोस्ट प्रकल्पात, ठरावीक उष्णता आणि ओलावा मिळाल्यावर, सूक्ष्मजीवांकडून विघटन होणारे प्लास्टिक. त्यासाठी भारतात आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागू आहे आणि उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ‘बायोडिग्रेडेबल’ प्लास्टिक हा कायद्याने वेगळा प्रकार आहे. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये मार्च २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, जे प्लास्टिक माती, गोडे पाणी, समुद्र अशा ठरावीक वातावरणात, मागे सूक्ष्मप्लास्टिक न ठेवता विघटित होते आणि ज्याला तसे प्रमाणपत्र आहे, त्यालाच हे नाव लावता येते. तिसरा प्रकार ‘ऑक्सो-डिग्रेडेबल’. हे साधे पॉलिथिनच असते. त्यात मिसळलेल्या रसायनामुळे ते ऊन-वाऱ्यात लवकर ठिसूळ होऊन चुरा होते. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. चुरा झाला म्हणजे नाहीसे झाले, असे होत नाही. तो चुरा वाळूत आणि मासळीच्या पोटात राहतो.

कंपोस्टेबल पिशवीची कसोटी कुठे लागते, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. प्रयोगशाळेत ती सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवली जाते, आणि १८० दिवसांच्या आत तिच्यातील ९० टक्के कर्बाचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. कोकणातल्या खाडीचे पाणी ३० अंशांच्या आसपास असते. मक्यासारख्या पिकांच्या साखरेपासून बनणारे पीएलए हे प्लास्टिक साधारण ५८-६० अंशांना मऊ पडते आणि मगच त्याचे विघटन वेग घेते. खाडीत ते कुजण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या पिशव्या तीन वर्षे माती, समुद्र आणि उघड्या हवेत ठेवल्या होत्या. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकली गेलेली पिशवी तीन वर्षे मातीत आणि समुद्रात राहूनही सामान वाहून नेऊ शकत होती. त्यातली कंपोस्टेबल पिशवी समुद्रात मात्र तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, पण मातीत ती २७ महिन्यांनंतरही सापडली. म्हणजे सगळ्या पिशव्या सारख्या नाहीत, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. पण तीन महिने हाही कासवाच्या दृष्टीने फार मोठा काळ आहे. पिशवीला जेलीफिश समजून गिळायला त्याला एक क्षण पुरतो.

तेव्हा संस्थेने किंवा बाजाराच्या व्यवस्थापनाने पिशव्या विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पिशवीवर उत्पादकाचे नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक छापलेला आहे का, तो उत्पादक केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरील यादीत आहे का, आणि पिशवी ज्या कंपोस्ट प्रकल्पात जाणार तो प्रत्यक्षात जवळपास आहे का. आमच्या भागातील एका विक्रेत्याने ‘शंभर टक्के विघटनशील’ असे लिहिलेल्या पिशव्यांचा गठ्ठा संस्थेच्या कार्यालयात आणून ठेवला होता. प्रमाणपत्र क्रमांक विचारल्यावर तो ‘पाठवतो’ म्हणून गेला आणि क्रमांक कधी आला नाही. असा माल घेऊ नये. महाराष्ट्रात २०१८ पासून पिशव्यांवर बंदी आहे आणि देशात ३१ डिसेंबर २०२२ पासून साध्या प्लास्टिकच्या पिशवीला किमान १२० मायक्रॉन जाडीची अट आहे; ही जाडीची अट कंपोस्टेबल पिशवीला नाही. पातळ पॉलिथिन ‘कंपोस्टेबल’ म्हणून खपवण्याचा मोह इथूनच निर्माण होतो.

घरच्या घरी एक साधी चाचणी करता येते. गोड्या पाण्याच्या बादलीत साबणाचे दोन-चार थेंब टाकावेत, पिशवीचा बोटभर लांबीचा तुकडा कापून दोन्ही बाजूंनी पाण्यात चोळावा, म्हणजे त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे निघून जातात, आणि मग तो पाण्याखाली नेऊन सोडावा. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके असल्याने वर येते. पीएलए आणि स्टार्चमिश्रित कंपोस्टेबल प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी जाते. तुकडा ठामपणे वर आला, तर ती पिशवी पॉलिथिनची आहे असे समजून बाजूला काढावी. तुकडा बुडाला, तर मात्र काही सिद्ध होत नाही, कारण खडूची भुकटी मिसळलेले पॉलिथिनही बुडू शकते. अशा वेळी प्रमाणपत्र हाच आधार.

जून : ढीग सोडवणे

पहिल्या पावसाच्या आधी ढीग छपराखाली आणावा. भिजलेली, शेवाळलेली जाळी कोणीही भंगारवाला नीट दराने घेत नाही. मग त्याचे पाच भाग करावेत. पहिला भाग नायलॉनच्या जाळ्यांचा आणि तंगुसाचा, म्हणजे एकेरी, पारदर्शक नायलॉन धाग्याचा. दुसरा एचडीपीईच्या (घन पॉलिथिनच्या), म्हणजे ट्रॉलच्या, नौकेमागे ओढत नेण्याच्या, जाड सुताच्या जाळ्यांचा आणि पीपीच्या (पॉलिप्रोपिलीनच्या) दोरांचा. तिसरा बोये, थर्माकोल आणि डब्यांचा. चौथा पिशव्या आणि वेष्टनांचा. पाचवा केवळ प्रमाणित कंपोस्टेबल पिशव्यांचा, आणि हा भाग इतर कशातही मिसळू द्यायचा नाही.

नायलॉन आणि एचडीपीई ओळखण्यासाठी पुन्हा तीच बादली वापरावी. सुताची पीळ सोडवून, धागे सुटे करून, साबणाच्या पाण्यात चोळून सोडले की नायलॉन बुडते, एचडीपीई आणि पीपी तरंगतात. काही जण धागा पेटवून वासावरून ओळखतात. जुन्या माणसांचे हे कसब खरे आहे, पण नायलॉन जळताना हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू निघू शकतो, म्हणून ही पद्धत सोडून द्यावी, आणि त्याच कारणाने जाळ्यांचा ढीग किनाऱ्यावर पेटवणे पूर्णपणे बंद करावे. उघड्यावर प्लास्टिक जाळणे हा नियमभंगही आहे.

वेगळे करण्याचा हा खटाटोप का, असे कोणी विचारील. नायलॉन-६ हे असे प्लास्टिक आहे की रासायनिक प्रक्रियेने त्याचे मूळ घटकात, कॅप्रोलॅक्टममध्ये, परत रूपांतर करता येते आणि त्यापासून पुन्हा नवा धागा निघतो. स्वच्छ, एकाच प्रकारचे नायलॉन म्हणूनच विकले जाते. एचडीपीई मिसळलेला गठ्ठा कचराभूमीवर जातो. कंपोस्टेबल पिशव्यांचे याच्या उलट आहे. त्या पॉलिथिनच्या पुनर्वापरात गेल्या तर वितळलेला माल खराब करतात, दाणे कमजोर होतात. पर्यावरणाला मदत होईल या भाबड्या समजुतीने एखाद्याने कंपोस्टेबल पिशवी प्लास्टिकच्या पोत्यात टाकली, तर त्याने त्या पोत्याचा दर पाडलेला असतो.

जाळे विकण्यापूर्वी त्याची शिशाची वजने कापून काढावीत, वेगळ्या डब्यात साठवावीत आणि वितळवणाऱ्या माहितगारालाच द्यावीत. हे काम लहान मुलांकडून कधीही करून घेऊ नये, आणि काम झाल्यावर जेवणाआधी हात साबणाने धुवावेत. शिसे हळूहळू शरीरात साठत जाते. जाळे गोड्या पाण्याने एकदा धुऊन मीठ आणि वाळू काढावी, उन्हात वाळवावे, आणि हाताला बसेल एवढ्या आकाराची गुंडाळी बांधून वजन नोंदवावे.

जुनी जाळी परसातल्या भाजीला किंवा कलमांना कुंपण म्हणून लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. काटकसर म्हणून ती चांगली दिसते, पण तंगुसाच्या जाळ्यात धामण, घोणस, घुबड अडकून मरतात हे ज्याने एकदा पाहिले तो ते जाळे परत लावत नाही. जाड दोराचे, मोठ्या आसाचे जाळे फार तर वापरावे. तंगूस विकूनच टाकावा.

केरळातील कोल्लमजवळच्या नींडकरा बंदरावर २०१७ मध्ये ‘शुचित्वसागरम’ हा उपक्रम सुरू झाला. तिथे ट्रॉलर मासळीबरोबर जाळ्यात येणारे प्लास्टिक समुद्रात परत न फेकता पोत्यात भरून आणतात, बंदरावर महिला ते धुतात, निवडतात, यंत्राने त्याचे तुकडे होतात, आणि ते रस्त्याच्या डांबरात वापरले जातात. त्याचे मर्म यंत्रात नाही. पोते नौकेवर देणारा आणि उतरवून घेणारा माणूस बंदरावर ठरलेला आहे, यात आहे. आपल्या संस्थेने हीच गोष्ट आधी करावी. यंत्र नंतर आले तरी चालेल.

मासळीच्या कचऱ्याचे कंपोस्ट

कंपोस्टेबल पिशवीला न्याय मिळतो तो केवळ एका ठिकाणी : मासळी बाजारातल्या कल्ले, आतडी, खवले, कोळंबीची टरफले यांच्या डब्याला आतून अस्तर म्हणून, आणि तो डबा सरळ कंपोस्टच्या ढिगात रिकामा होणार असेल तेव्हाच. ढीग नीट तापला पाहिजे, आणि मासळीचा कचरा एकटा तापत नाही; तो नुसता सडतो, अळ्या पडतात आणि सगळी वाडी नाक धरते. कारण त्यात नत्र फार असते. कर्ब आणि नत्राचे प्रमाण साधारण २५ ते ३० भाग कर्बाला एक भाग नत्र असे आणायचे असते, आणि त्यासाठी नारळाच्या काथ्याचा भुसा, भाताचा पेंढा, सुका पालापाचोळा, लाकडाचा भुसा हे कोकणात मुबलक मिळणारे पदार्थ पुरतात.

ढीग किमान एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच असावा, त्याहून लहान ढीग आतली उष्णता धरून ठेवत नाही. तळाला सुका पालापाचोळ्याचा वीतभर थर, त्यावर मासळीचा कचरा, त्यावर लगेच भुशाचा जाड थर, आणि वर एक पाटी तयार खत, असे थर द्यावेत. पिशव्या अखंड टाकू नयेत. कात्रीने फाडून, पसरून टाकाव्यात, नाही तर आत कोंडलेला कचरा हवेवाचून आंबतो. ओलावा पाहण्यासाठी मूठभर माल दाबावा : बोटांच्या फटीतून थेंब-दोन थेंब यावेत, धार येऊ नये. पावसाळ्यात छप्पर असल्याशिवाय ही मूठ कधीच बरोबर येणार नाही, म्हणून कोकणात छपराशिवाय ढीग सुरूच करू नये.

तापमानमापक नसेल तर एक लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून ठेवावी. चार-पाच दिवसांनी ती ओढून काढली आणि मुठीत धरवत नसेल एवढी तापलेली असेल, तर ढीग कामाला लागला आहे. कोमट लागली तर माल पलटावा, सुका असेल तर पाणी शिंपडावे, चिकट असेल तर भुसा वाढवावा. आठवड्यातून एकदा पलटी दिली की सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. मग चाळावे. मानकानुसार कंपोस्टेबल प्लास्टिकचे १२ आठवड्यांत असे तुकडे व्हायला हवेत की दोन मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांपेक्षा जास्त उरू नयेत. तेव्हा चाळणीत पिशवीचे मोठे तुकडे उरले, तर ढीग पुरेसा तापला नाही किंवा पिशवी खोटी आहे, या दोनपैकी एक कारण निश्चित आहे. उरलेले तुकडे पुढच्या ढिगात टाकावेत. दुसऱ्यांदाही तसेच उरले, तर त्या उत्पादकाच्या पिशव्या घेणे थांबवावे आणि प्रमाणपत्र क्रमांकासह राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवावे.

जवळ असा ढीग किंवा नगरपरिषदेचा तापणारा प्रकल्प नसेल, तर कंपोस्टेबल पिशव्या घेऊच नयेत. धुता येणारे डबे आणि कापडी किंवा विणलेल्या पिशव्या त्याहून बऱ्या.

जुलै : आस, परवाना आणि वही

जाळी विणून, रफू करून तयार होत असतानाच आस मोजायचा असतो. ऑगस्टमध्ये धक्क्यावर मोजून उपयोग नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती हा आपल्या किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यातला मुख्य कायदा आहे. त्याखालील अधिसूचनेनुसार ट्रॉलच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला, म्हणजे ज्याला आपण खोला म्हणतो त्याला, ४० मिलिमीटरचा चौकोनी आस असावा लागतो. चौकोनी असण्यावर भर का, ते जाळे हातात घेऊनच कळते. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढला की दोन्ही बाजूंनी मिटतो आणि फट उरतच नाही, मग कागदावर आस कितीही मोठा असो. चौकोनी आस ताण आल्यावरही उघडा राहतो आणि बोटाएवढे पिल्लू त्यातून निसटून जाते.

मोजताना जाळे ओले करावे, कारण नायलॉन पाण्यात किंचित वाढते. एकाच ठिकाणचा आस मोजून समाधान मानू नये. खोल्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातले मिळून निदान २० आस मोजावेत, आणि प्रत्येक वेळी गाठीच्या आतल्या कडेपासून समोरच्या गाठीच्या आतल्या कडेपर्यंत अंतर घ्यावे. सरासरी वहीत लिहावी, सोबत तांडेलाची सही घ्यावी. तपासणी झाली तर ही सही संस्थेच्या उपयोगी पडते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बारीक आसाचे दुसरे आवरण आतून लावण्याची जी वाईट खोड काही ठिकाणी आहे, तिला आळा बसतो.

आता वही. प्रत्येक नौकेला एक पान द्यावे आणि वर नौकेचा नोंदणी क्रमांक व परवान्याची मुदत लिहावी. मग रकाने : तारीख, जाळ्याचा प्रकार, नगांची संख्या किंवा लांबी, आस, चढलेली पोती, उतरलेली पोती आणि त्यांचे वजन, हरवलेले जाळे व ते कुठे हरवले, शेरा. आठ रकाने पुरतात. पंधरा केले की चौथ्या दिवसापासून कोणी भरत नाही. जाळ्यांनाही खूण करावी. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१८ मध्ये जाळ्यांवर खूण करण्याबाबत स्वेच्छेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्यांचा आपल्यापुरता सार एवढाच की सापडलेले जाळे कोणाचे, हे कळले पाहिजे. संस्थेने एक रंग ठरवून माथ्याच्या दोरात त्या रंगाचा धागा गुंफावा आणि दर ठरावीक अंतरावर नौकेचा क्रमांक असलेला बिल्ला बांधावा.

ऑगस्ट ते मे : नौकेवरची शिस्त

१ ऑगस्टला बंदी उठते, पण समुद्र शांत झालेला नसतो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच पाण्यात उतरण्याच्या आपल्या रीतीत मासळी वाढू देण्याचे शहाणपण आहे, आणि ज्या संस्था आजही ते पाळतात त्यांचा मला मनापासून आदर आहे.

नौका निघताना डिझेल, बर्फ आणि शिधा यांच्याबरोबर दोन रिकामी विणलेली पोती द्यावीत : एक नौकेवरच्या कचऱ्याला, दुसरे जाळ्यात आलेल्या प्लास्टिकला. शिधा शक्यतो डब्यांत भरावा, पाणी मोठ्या कॅनमधून न्यावे. जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाबाबतच्या मार्पोल कराराचे पाचवे परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ पासून लागू आहे आणि त्यानुसार प्लास्टिक, त्यात कृत्रिम धाग्याची जाळी आणि दोरही आले, समुद्रात कुठेही टाकण्यास मनाई आहे. कंपोस्टेबल पिशवीला यातून सूट नाही. दोन पोती चढली, तर दोन उतरली पाहिजेत. रिकामे पोते परत आले तर भांडू नये, पण वहीत ‘रिकामे’ असे जरूर लिहावे. दोन-तीन महिन्यांनी ते पान स्वतःच बोलू लागते.

मासळीच्या आकाराचा नियम पाळण्यासाठी प्रत्येक नौकेवर एक फळी ठेवावी. राज्याने ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवले आहेत. पापलेटसाठी, ज्याला सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यमाशाचा दर्जा मिळाला, तो १३५ मिलिमीटर आहे आणि सुरमईसाठी ३७०. फळीच्या एका टोकाला आडवी पट्टी ठोकावी, तिथून आपल्या बंदरावर येणाऱ्या आठ-दहा प्रजातींच्या रेघा रंगवाव्यात, आणि मासळीचे तोंड पट्टीला टेकवून रेघ पाहावी. निरक्षर खलाशालाही ती वापरता येते. रेघेच्या अलीकडे पडणाऱ्या मासळीचे प्रमाण सलग दोन ओढींत जास्त दिसले, तर जागा बदलावी. मेलेले पिल्लू पाण्यात टाकून काही साधत नाही, ते जाळ्यात येणार नाही अशी जागा आणि आस निवडणे हाच उपाय. ही गोष्ट खरेदीदारालाही लागू आहे. चिंगुळ, म्हणजे बारीक, पापलेट घेणारा आहे, म्हणूनच ते मारणारा आहे.

एलईडी दिव्यांची मासेमारी आणि बुल ट्रॉलिंग (दोन नौकांनी मिळून एकच जाळे ओढणे) यांवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे मासेमारीचा हक्क देशाकडे असलेल्या समुद्रपट्ट्यात, बंदी घातली, आणि राज्याच्या २०२१ च्या दुरुस्तीत त्यांच्यासाठी ५ लाखांपासून २० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पर्ससीनबाबत, म्हणजे थव्याभोवती वेढा टाकून खालून आवळण्याच्या जाळ्याच्या मासेमारीबाबत, ५ फेब्रुवारी २०१६ ची अधिसूचना आधार आहे : पालघरमधल्या झाईपासून रायगडमधल्या मुरूडपर्यंतच्या राज्याच्या पाण्यात ती बंद, आणि जिथे परवानगी आहे तिथे ती सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच. पूर्वी तहसीलदारांसमोर चालणारी प्रकरणे आता मत्स्यव्यवसाय विभागाच्या अभिनिर्णय (निवाडा करणाऱ्या) अधिकाऱ्यासमोर चालतात, आणि जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणीही सुरू झाली आहे. परप्रांतीय किंवा स्थानिक नौकेविरुद्ध तक्रार करायची असेल, तर तोंडी आरडाओरडा न करता तारीख, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, नौकेचा क्रमांक आणि छायाचित्र घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. आपली स्वतःची वही नीट असलेल्या संस्थेच्या तक्रारीला वजन असते.

जाळ्यात कासव किंवा बहिरी मासा, म्हणजे व्हेल शार्क, अडकला तर जाळे कापून त्याला सोडावे. राज्याच्या वनविभागाची आणि मत्स्यव्यवसाय विभागाची डिसेंबर २०१८ पासून अशी योजना आहे की जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सोडतानाचे छायाचित्र किंवा चित्रफीत आणि कापलेल्या जाळ्याचे छायाचित्र लागते, म्हणून एका खलाशाकडे हे काम आधीच नेमून द्यावे. कापलेला तुकडा पाण्यात सोडू नये. तो पोत्यात भरून आणावा.

हरवलेले जाळे आणि कुजणारे सूत

जाळे खडकाला अडकले तर ते तोडून निघून जाण्याआधी जीपीएसवर जागा नोंदवावी आणि उतरल्यावर वहीत लिहावी. संस्थेने ही ठिकाणे नकाशावर लावली की भांगाच्या दिवसांत, पाण्याला ओढ कमी असताना, दोन नौकांनी गळ-आकडा टाकून ती काढायचा प्रयत्न करता येतो. पाणबुड्यांशिवाय कोणी पाण्यात उतरू नये, तंगुसात माणूसही अडकतो.

विघटनशील प्लास्टिकची जाळी घ्यावीत का, हा प्रश्न आता विचारला जातो. दक्षिण कोरियात पीबीएस आणि पीबीएटी या प्लास्टिकची जाळी तयार करून मच्छीमारांना देण्यात आली आहेत, आणि नॉर्वेत त्यांच्या चाचण्या झाल्या आहेत. नॉर्वेतल्या चाचण्यांत कॉड मासळी नायलॉनच्या तुलनेत कमी सापडली, कारण हा धागा कमी मजबूत आणि जास्त ताणणारा असतो. आपल्या मच्छीमाराने आज स्वतःच्या खर्चाने संपूर्ण जाळे बदलावे, असे मी सांगणार नाही. पण एक स्वस्त बदल लगेच करण्याजोगा आहे. अमेरिकेच्या अलास्का राज्यात खेकड्यांच्या पिंजऱ्याचा एक भाग साध्या सुती दोऱ्याने शिवणे बंधनकारक आहे, म्हणजे पिंजरा हरवला तरी दोरा कुजतो, फट उघडते आणि खेकडा बाहेर पडतो. आपल्याकडे खाडीत चिंबोऱ्यांसाठी टाकल्या जाणाऱ्या पिंजऱ्यांचे दार नायलॉनऐवजी सुती दोऱ्याने किंवा तागाच्या सुतळीने शिवावे. आपल्या आजोबांची सगळीच जाळी सुताची आणि तागाची असत. झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ती टिकवली जात, आणि हरवली तर कुजून जात. दोरा दर महिन्याला बदलावा लागेल. तो बदलल्याची तारीख वहीतल्या शेरा या रकान्यात लिहावी.

३१ मेला, शेवटची नौका वर ओढली की, प्रत्येक पानाची बेरीज करावी : किती जाळी चढली, किती उतरली, मधली कुठे आहेत. ज्या पानावर हिशेब जुळत नाही त्या तांडेलाला जूनच्या पहिल्या सभेत बोलवावे आणि दंडाची भाषा न करता नकाशा पुढे ठेवून विचारावे की जाळे नेमके कुठे अडकले होते.